फुकांगआनच्या मोहिमेची वाट: बेत्रावती ते ल्हासा

१७९२ च्या उन्हाळ्यात चीनच्या छिंग साम्राज्याची फौज तिबेटचं पठार ओलांडून हिमालयाच्या दक्षिण उतारावर उतरली आणि काठमांडू अगदी आवाक्यात आलं असताना थांबली. तिचा सेनापती फुकांगआन तेव्हा ३८ वर्षांचा होता. मांचू फुचा घराण्यातला हा मुलगा. बाप फुहेंग छ्येनलुंग बादशहाचा सर्वांत विश्वासू मंत्री, सख्खी आत्या बादशहाची पहिली पट्टराणी. १७६७ मध्ये, वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, त्याला बादशाही अंगरक्षकांत जागा मिळाली. तो बादशहाचाच मुलगा होता ही चीनमधली लोकप्रिय अफवा. तिला कागदोपत्री आधार नाही. घराण्याने त्याला संधी लवकर मिळवून दिली, पण त्याच्या नावावरच्या मोहिमा त्याने स्वतः मैदानात जाऊन केल्या आहेत: पश्चिम सिच्वानमधलं जिनच्वानचं डोंगरी युद्ध (१७७६ मध्ये संपलं), १७८४ चं कान्सूमधलं बंड, १७८७-८८ ची तैवान मोहीम, आणि मग नेपाळच्या गुरखा राज्याशी झालेलं हे युद्ध.

या प्रवासात आपण त्याची वाट उलट्या दिशेने चालतो. तो ल्हासाहून खाली आला, आपण नेपाळमधून वर जायचं. महाराष्ट्रातून कैलास-मानसरोवरला जाणारे अनेक यात्रेकरू रसुवागढी-किरोंगच्या याच रस्त्याने जातात, त्यामुळे व्यवस्था ओळखीची आहे. शिवाय ज्या डोंगरावर मोहीम अडली तो आधी पाहिला, की पुढचा प्रत्येक घाट ‘इथून रसद कशी आणली असेल’ या प्रश्नासकट दिसतो. हे युद्ध समजून घ्यायचं तर तोच प्रश्न महत्त्वाचा.

तयारीबद्दल थोडक्यात. नेपाळसाठी भारतीयांना मतदार ओळखपत्र चालतं, पुढे मात्र पासपोर्टच हवा. नेपाळमधून तिबेटात शिरायला काठमांडूत गटाचा व्हिसा काढावा लागतो. तो वेगळ्या कागदावर असतो आणि त्यावर सगळ्यांची नावं क्रमाने असतात. पासपोर्टात आधीच चिनी व्हिसा असेल तर तो इथे उपयोगाचा नाही. तिबेटचा परवाना, अधिकृत गाइड आणि ठरवलेली गाडी सक्तीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिबेट परदेशी प्रवाशांना बहुधा बंद असतं, आणि जून ते मध्य सप्टेंबर नेपाळच्या बाजूला दरडी कोसळतात. एप्रिलअखेर ते मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस धरावेत.

पहिला दिवस: काठमांडू, नुवाकोट, बेत्रावती

काठमांडूहून सकाळी सहाच्या आत निघावं. त्रिशुली बाजारापर्यंत साधारण ७० किलोमीटर, पण वळणं आणि ट्रक यांमुळे तीन तास सहज जातात. बाजाराच्या वरच्या डोंगरावर नुवाकोटचा सात मजली दरबार आहे. २०१५ च्या भूकंपात त्याला मोठे तडे गेले, म्हणून आत कुठपर्यंत जाता येतं हे खालीच विचारून घ्यावं. वरच्या अंगणातून उत्तरेकडे पाहिलं की त्रिशुलीची खिंड सरळ तिबेटच्या दिशेला जाताना दिसते. छिंग फौज इथवर पोहोचली नाही. युद्ध संपल्यावर मात्र १७९३ च्या मार्चमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील कर्कपॅट्रिक नेपाळ दरबाराला याच नुवाकोटात भेटला. गुरख्यांनी चिन्यांविरुद्ध कंपनीचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसकडे फौजेची मदत मागितली होती. हा तोच कॉर्नवॉलिस, ज्याने १७९२ मध्येच मराठे आणि निजाम यांना बरोबर घेऊन श्रीरंगपट्टणचा तह केला. त्याने नेपाळला फौज दिली नाही, मध्यस्थ धाडला, आणि मध्यस्थ येईपर्यंत तह होऊनही गेला होता.

नुवाकोटहून उतरून बेत्रावती. उंची जेमतेम ६२० मीटर, हवा दमट, भातशेती. पूर्वेकडून येणारी फलांखु खोला इथे त्रिशुलीला मिळते. पुलावर उभं राहून आधी उत्तरेकडे आणि मग दक्षिणेकडे बघा. उत्तरेची उतरण छिंग फौजेची, दक्षिणेची चढण गुरख्यांची, मध्ये हा ओढा. चिनी कागदांत शेवटच्या लढाईचं ठिकाण म्हणून येणारं पालांगगू हे नाव याच ओढ्याच्या नावाशी जुळतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, ऐन पावसात, फुकांगआनने ओढ्यावरचा पूल घेतला आणि फौज थेट समोरच्या डोंगरावर घातली. त्याचा जोडीदार हायलांचा हा सोलोन जमातीचा, वयाने आणि अनुभवाने मोठा सरदार; घाई करण्याला त्याचा विरोध होता असं चिनी लेखक सांगतात. त्याच लेखकांनी फुकांगआनला पालखीत बसून पिसांचा पंखा हलवत लढाई चालवताना रंगवलं आहे. पालखीचं चित्र नंतर चढवलेलं असू शकेल, पण चूक खरी होती. चढण लांब, माती निसरडी, पावसात धनुष्याच्या प्रत्यंचा आणि तोड्याच्या बंदुकांची दारू दोन्ही निकामी. गुरख्यांनी वरून आणि दोन्ही बाजूंनी मारा केला. थाइफेइयिंगआ हा वरिष्ठ सरदार इथेच पडला, आणि हायलांचाने ओढ्यापलीकडून साथ दिली, एल्देंगबाओ या सरदाराने पूल धरून ठेवला म्हणूनच माघार जमली. नेपाळी परंपरा सांगते की चिनी सेनापतीने मागे पळता येऊ नये म्हणून आपल्याच सैनिकांच्या पाठीमागचा पूल तोडला. दोन्ही बाजूंच्या आठवणीत पूल आहे, आणि जागा पाहिल्यावर त्याचं कारण लगेच कळतं: पावसाळ्यात फलांखुला पायी उतार मिळणं कठीण.

मुक्काम बेत्रावतीत किंवा मागे त्रिशुली बाजारात करावा. सोयी त्रिशुलीत अधिक.

दुसरा दिवस: धुन्चे, स्याफ्रुबेंसी

बेत्रावतीनंतर रस्ता लगेच चढायला लागतो आणि रामचेच्या पुढे दरडींचा पट्टा येतो. पाऊस दुपारी वाढतो, म्हणून तो पट्टा सकाळी दहाच्या आत पार करावा. दरड आलीच तर यंत्र येईपर्यंत चार-पाच तास अडकून पडण्याची तयारी ठेवा: पाणी, खायला काहीतरी आणि पावसाळी कोट हाताशी हवा, टपावरच्या सामानात नाही. धुन्चे १,९६० मीटरवर. लांगटांग राष्ट्रीय उद्यानाची तपासणी चौकी इथेच आहे. तिथून रस्ता खाली उतरून १,४६० मीटरवरच्या स्याफ्रुबेंसीला पोहोचतो.

जुलैभर छिंग फौज याच टप्प्यात लढत होती. गुरख्यांची पद्धत साधी आणि परिणामकारक होती: नदी-ओढा ओलांडायच्या प्रत्येक जागी पूल काढून टाकायचा आणि पलीकडे दगड-लाकडांची गढी उभारायची. फुकांगआनचं उत्तरही ठरलेलं. समोरून तोफा आणि बंदुकांनी शत्रूला गुंतवून ठेवायचं, एक तुकडी डोंगरामागून वर पाठवायची, वरच्या अंगाला झाडं पाडून प्रवाह ओलांडायचा आणि गढीच्या पाठीवर उतरायचं. जंगल घनदाट असल्यामुळे लाकूड हाताशी होतं आणि हालचाल लपत होती. ही लढाईची रीत त्याने तरुणपणी जिनच्वानमध्ये आकुई या सेनापतीच्या हाताखाली शिकली होती. तिथले दगडी बुरूज घ्यायला छिंग साम्राज्याला वर्षं लागली. गुरख्यांवर चालून आलेल्या फौजेत त्याच जिनच्वानच्या डोंगरी लोकांच्या पलटणी होत्या. १७७६ पर्यंत शत्रू असलेले हे लोक उंचीवर चालायला आणि कड्यावर चढायला सर्वांत तरबेज होते. फुकांगआनच्या गुणांत आम्ही हा पहिला मानतो. कोणते सैनिक कुठे चालतील याची त्याला जाण होती.

फौजेचा आकडा नेपाळी आणि इंग्रजी जुन्या लिखाणात ७०,००० सांगतात. या खिंडीतून एकदा जाऊन आल्यावर तो आकडा मनातून काढून टाकावा लागतो. चिनी दप्तरांतून दिसणारी संपूर्ण मोहिमेची फौज दहा-पंधरा हजारांच्या घरातली, आणि या वाटेने उतरलेला मुख्य भाग त्याहून लहान. माणसाच्या पाठीवरून येणाऱ्या धान्यावर यापेक्षा जास्त तोंडं जगवणं शक्य नव्हतं.

तिसरा दिवस: रसुवागढी, किरोंग

स्याफ्रुबेंसीहून तिमुरे आणि पुढे रसुवागढी, साधारण १,८०० मीटर. अंतर थोडं, पण रस्ता खराब असेल तर दोन तास. ८ जुलै २०२५ च्या पुरात इथला मितेरी पूल वाहून गेला. त्यामुळे निघण्याआधी, आणि पुन्हा स्याफ्रुबेंसीत, ओलांडण्याची सोय सध्या काय आहे हे एजन्सीकडून पक्कं करून घ्यावं. सामान हमालांकडून पलीकडे न्यावं लागू शकतं, म्हणून एका मोठ्या बॅगेपेक्षा दहा-बारा किलोच्या दोन बॅगा बऱ्या.

गढीचे जे अवशेष दिसतात ते १७९२ चे समजू नका. ते नेपाळचा राणा पंतप्रधान जंगबहादुरच्या काळातल्या, १८५५ च्या तिबेट युद्धाशी जोडले जातात. १७९२ चा प्रसंग पुलाचा आहे. जुलैच्या सुरुवातीला छिंग फौज उत्तर काठावर आली तेव्हा गुरख्यांनी पूल काढून टाकला होता. समोरचा पहिला हल्ला फसला. मग फुकांगआनने माघारीचं सोंग केलं आणि एका तुकडीला पूर्वेकडचे डोंगर ओलांडून वरच्या अंगाला पाठवलं. त्यांनी झाडं तोडून तराफे बांधले, पाणी ओलांडलं आणि गुरख्यांच्या बगलेवर आले. गोंधळ उडताच मुख्य फौजेने समोरून पूल उभा केला. सीमेच्या आवारातून पूर्वेकडचा डोंगर दिसतो. त्याचा उभा कडा पाहिला की तराफ्यांपेक्षा ती चढाईच अवघड होती हे पटतं. चौकीच्या आवारात फोटो काढू नयेत.

तपासणीत लोक नेहमी तीन ठिकाणी अडकतात. व्हिसाच्या कागदावरच्या क्रमानेच रांग लावावी लागते, क्रम चुकला की सगळा गट परत मागे. छापील नकाशे आणि तिबेटवरची पुस्तकं काढून घेतली जातात, आणि दलाई लामांचं चित्र पुस्तकात किंवा फोनमध्येही असता कामा नये. तिसरी गोष्ट वेळेची. पलीकडे बीजिंगची वेळ चालते, म्हणजे नेपाळच्या सव्वादोन तास पुढे. नेपाळी घड्याळाने दुपारी उशिरा पोहोचलात तर पलीकडचं कार्यालय बंद झालेलं असतं.

पुढे किरोंग गावापर्यंत सुमारे २५ किलोमीटर, चांगला रस्ता, उंची २,८०० च्या आसपास.

चौथा दिवस: किरोंगमध्ये मुक्काम

हा दिवस वाचवायचा मोह आवरा. उद्या ४,१०० मीटरवर झोपायचं आहे. उंचीच्या त्रासावरचं डायमॉक्स हे औषध घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून आजपासून. सर्वसाधारण मात्रा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे आधीच सांगावं. पायी थोडं चढून, रात्री पुन्हा खाली झोपायला यावं.

गावात फाकपा मंदिर आहे, नेपाळी पॅगोडा पद्धतीचं, छपरांची उतरंड थेट काठमांडू खोऱ्यातली. किरोंग हे व्यापाराचं गाव होतं हे या एका इमारतीवरून कळतं. आणि युद्धाचं मूळही व्यापारात होतं. तिबेट स्वतःची नाणी पाडत नसे. तिबेटी लोक चांदी पाठवत, नेपाळमध्ये तिची नाणी पडत आणि परत येत. मल्ल राजांच्या शेवटच्या काळात त्या नाण्यांत तांबं वाढत गेलं. पृथ्वीनारायण शहाच्या वंशजांनी शुद्ध नाणी पाडली, तेव्हा प्रश्न उभा राहिला: जुनी खोटी नाणी नव्या नाण्यांशी कोणत्या भावाने बदलायची? तोटा कोण सोसणार यावर एकमत झालं नाही. त्यात मिठाच्या भेसळीची तक्रार होती, आणि शामार्पा लामाची भर. हा दिवंगत सहाव्या पंचेन लामांचा (तिबेटमधले दलाई लामांनंतरचे सर्वांत मोठे लामा) सावत्र भाऊ. वारशावरून रुसून तो नेपाळमध्ये आला होता.

१७८८ मध्ये गुरख्यांनी किरोंग, झोंगका आणि न्यालम घेतलं. १७८९ मध्ये इथे किरोंगातच तह झाला: तिबेटने दरवर्षी ५०,००० रुपये द्यायचे. छिंग अधिकारी बाझोंगने ही खंडणीची अट बादशहापासून लपवली आणि ‘सीमा शांत’ असं कळवलं. तिबेटी सरकारने पुढे पैसे थांबवले, १७९१ मध्ये गुरखे पुन्हा आले, तेव्हा बाझोंगने पाण्यात उडी घेऊन जीव दिला. फुकांगआनला बोलावणं आलं ते एवढ्या लपवाछपवीनंतर.

किरोंगच्या परिसरात ‘झाओती बिलेई’ ही चार चिनी अक्षरं खडकावर कोरलेली आहेत, १७९२ च्या फौजेची खूण. ती पाहायची असेल तर गाइडला आदल्या दिवशी सांगावं, कारण ठरलेल्या वाटेबाहेरची ठिकाणं ऐनवेळी नाकारली जातात.

पाचवा दिवस: झोंगका

सत्तर किलोमीटरमध्ये १,३०० मीटरची चढण. खाली देवदारांचं जंगल, मग झुडपं, मग नुसती माती. या वाटेवरच्या चाम इथे जूनअखेरीस मोहिमेची पहिली लढाई झाली. पावसाळी रात्री अंधारात चाल करून छिंग फौजेने गुरख्यांची दगडी ठाणी घेतली आणि काही दिवसांतच किरोंग परत मिळवलं.

झोंगकात गुंगथांग या जुन्या तिबेटी राज्याच्या जुन्या तटाचे मातीचे अवशेष उभे आहेत. गावाच्या उत्तरेला साडेचार किलोमीटरवर एक शिलालेख १९९० मध्ये सापडला. ६५८ सालचा, चीनच्या तांग दरबाराचा भारताकडे निघालेला वकील वांग श्वेनत्सचा. म्हणजे फुकांगआनच्या अकराशे वर्षं आधी चिनी राजदूत याच वाटेने हर्षाच्या मुलखाकडे येत होते. भारतीय प्रवाशाने हे चुकवू नये.

संध्याकाळी डोकं दुखणं साहजिक आहे. उलटी, तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं साहजिक नाही. अशा वेळी रात्रीच गाडी काढून किरोंगला खाली उतरावं.

सहावा दिवस: पेकूत्सो, टिंग्री, ल्हात्से

झोंगकाबाहेर ५,२३६ मीटरची कुंगथांग ल्हामो खिंड. वर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. मग पेकूत्सो सरोवर आणि त्याच्यामागे ८,०२७ मीटरचं शिशापांग्मा. फौजेचं कॅलेंडर या खिंडीने ठरवलं होतं. शरद संपता संपता इथे बर्फ पडतं आणि मागची रसद तुटते. बेत्रावतीला ऑगस्टच्या शेवटी थांबलेल्या सेनापतीला हे दिसत होतं, आणि गुरख्यांनी तहाचं बोलणं लावताच त्याने ते का स्वीकारलं याचं उत्तर इथे मिळतं. दोन्ही बाजूंना युद्ध थांबवायची निकड होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला फौज परत फिरली.

टिंग्रीत जेवण, मग ५,२०० मीटरच्या वरची ग्यात्सो ला, आणि मुक्काम ल्हात्सेला (४,०५०). दिवस लांब आहे.

सातवा दिवस: शिगात्से

टाशिल्हुन्पो मठ, स्थापना १४४७. १७९१ च्या शरदात गुरखे इथपर्यंत आले. बालवयातल्या सातव्या पंचेन लामांना आधीच ल्हासाला हलवलं होतं. मठातल्या लामांनी कौल लावला, कौल ‘लढू नका’ असा आला, आणि मठ लुटला गेला. शेजारच्या शिगात्से किल्ल्यातली छोटी छिंग शिबंदी मात्र टिकून राहिली. सोनं, स्तूपांवरची रत्नं, पदव्यांचे दस्तऐवज असं बरंच काही नेपाळला गेलं. तहात ही लूट परत करण्याची अट होती, तसंच १७९२ मध्येच मेलेल्या शामार्पाच्या अस्थी सोपवण्याची आणि दर पाच वर्षांनी बीजिंगला नजराणा पाठवण्याची. नजराण्याची ती प्रथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालली.

मठात सकाळी जावं. आतल्या फोटोंना प्रत्येक दालनात वेगळं शुल्क असतं. मैत्रेयाची २६ मीटर उंच मूर्ती १९१४ नंतरची आहे, ती लुटीतून वाचलेली समजू नये.

आठवा दिवस: ग्यांत्से मार्गे ल्हासा

थेट रस्ता किंवा सुमारे तीन तासांची रेल्वे हा जलद मार्ग. ग्यांत्सेहून यामद्रोक सरोवराकडून गेल्यास दिवस जातो, पण निसर्ग उत्तम. मोहिमेच्या दृष्टीने विशेष पाहण्यासारखं काही नाही.

नववा दिवस: ल्हासा

फुकांगआन १७९२ च्या सुरुवातीला इथे पोहोचला तो किंघाईच्या वाटेने, भर हिवाळ्यात. सिच्वानची वाट रुळलेली होती, पण लांब पडत होती. थंडी, बर्फ आणि जनावरांना चारा नाही अशा काळात पठार ओलांडणं हा आमच्या मते त्याच्या संपूर्ण कारकिर्दीतला सर्वांत मोठा पराक्रम, कोणत्याही लढाईपेक्षा.

पोताला राजवाड्याची वेळ पासपोर्ट दाखवून आधी घ्यावी लागते, आणि आत ठरलेल्या वेळातच फिरावं लागतं. पायथ्याच्या चौथऱ्यावरच्या मंडपात छ्येनलुंगचा १७९२ चा ‘दहा पूर्ण विजयां’चा, म्हणजे त्याच्या कारकिर्दीतल्या दहा मोहिमांचा, शिलालेख आहे, चिनी, मांचू, मंगोल आणि तिबेटी या चार भाषांत. त्या दहांत गुरख्यांचं युद्ध दोनदा मोजलं आहे. त्यातल्या पहिल्यात बाझोंगने खंडणी कबूल केली होती हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा.

राजवाड्याच्या नैऋत्येला बारमारी टेकडीवर ग्वानदी या युद्धदेवतेचं मंदिर आहे. ते विजयानंतर बांधलं, फुकांगआनच्या नावाचा शिलालेख तिथे आहे, आणि स्थानिक लोक त्याला तिबेटी महाकाव्यातल्या गेसर राजाचं मंदिर म्हणतात. गर्दी जवळजवळ नसते. चढ छोटा आहे, सकाळचं ऊन लेखावर पडतं तेव्हा अक्षरं नीट दिसतात.

विजयानंतर त्याने इथे बसून कारभार बदलला. १७९३ ची २९ कलमं त्यातून आली: तिबेटची स्वतःची चांदीची नाणी, ३,००० ची खडी फौज (ल्हासा आणि शिगात्सेला १,०००, ग्यांत्से आणि टिंग्रीला ५००), आणि मोठ्या लामांचे अवतार सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून ठरवण्याचा नियम. त्या नियमाचा वाद आजही जिवंत आहे. गाइडशी त्यावर चर्चा करू नये, त्याला त्रास होऊ शकतो.

पुढची वर्षं झपाट्याने सरली. १७९३ मध्ये बादशहाच्या उन्हाळी राजवाड्याच्या जेहोलला इंग्रज वकील मॅकार्टनीने आपल्या रक्षकांची कवायत पाहण्याचं आमंत्रण दिलं, तर त्यात नवीन काय असणार म्हणून फुकांगआनने ते नाकारलं. १७९५ मध्ये हुनान-ग्वेइझोउच्या सीमेवर म्याओ लोकांच्या उठावावर तो धाडला गेला. राजवंशाबाहेरच्या माणसाला दुर्मीळ असलेली बेइझ ही राजपुत्राची पदवी त्याला तिथेच मिळाली, आणि १७९६ मध्ये छावणीतच आजाराने तो वारला. मरणोत्तर पदवी आणखी वरची. छ्येनलुंगच्या पश्चात च्याचिंग बादशहाने मात्र त्याच्यावर उघड ठपका ठेवला: सैनिकांवर बक्षिसांची उधळण करण्याची सवय सैन्यात त्यानेच लावली. त्या पैशाशिवाय हिवाळ्यात पठार ओलांडायला किती लोक तयार झाले असते, हा प्रश्न बादशहाने विचारलेला दिसत नाही.

ल्हासाहून बीजिंगमार्गे परतणार असाल तर योंगहे मंदिरात अर्धा दिवस ठेवावा. लामांविषयीचा छ्येनलुंगचा १७९२ चा चार भाषांतला शिलालेख तिथल्या चौकोनी मंडपात आहे, आणि दोन सोनेरी कलशांपैकी एक याच मंदिरासाठी केला होता. गटाचा व्हिसा बीजिंगपर्यंत चालेल का हे काठमांडूतच ठरवून घ्यावं, कारण बाहेर पडण्याचं ठिकाण कागदावर आधीच लिहिलेलं असतं आणि ल्हासात ते बदलत नाहीत.